हलकेबाबांची गादी

गुरुवार उजाडला की तेलंगणातल्या इचोड्यात हायवेच्या कडेला पाय ठेवायला जागा उरत नसे. नागपूरकडून येणारे ट्रक पूर्वी चंदनशेठच्या धाब्यावर चहासाठी थांबत, आता धाब्यामागच्या शेडसाठी थांबू लागले होते. त्या टिनाच्या शेडमध्ये एके काळी कापसाच्या गठाणी उतरायच्या. हल्ली तिथं भगवे पडदे होते, भोंगा होता, आणि दारावर पाटी होती : ‘हलकेबाबा. खा, प्या, हलके व्हा.’

बाबा कुठले, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी निजामाबादचे म्हणे, कोणी यवतमाळचे. तेलुगू बाईला ते ‘अम्मा’ म्हणत, हिंदी बोलणारीला ‘बहनजी’, आणि मराठी दिसली की ‘माउली’. स्वतः मात्र काडीसारखे किडकिडीत. जाहिरात अंगावरच घेऊन हिंडायचे म्हणा ना!

“वजन म्हंजे काय, माउली?” भोंग्यातून आवाज घुमायचा. “वजन म्हंजे अडकलेलं कर्म! कर्माची होते चरबी, चरबीत असतो अणू, अणूत असते कंपन. आम्ही ते कंपन उलटं फिरवतो. अमेरिकेचे शास्त्रज्ञ आमच्यापुढे हात जोडून उभे आहेत!”

शास्त्रज्ञ त्या गर्दीत दिसत नव्हते. दिसत होते ते मंडल ऑफिसातले, म्हणजे तहसिलीतले, उद्धवराव कारकून. दाराशी फरशीवर काचेचा वजनकाटा ठेवलेला होता. उद्धवराव त्यावर चढले. काट्यानं शहाण्णव दाखवले, चेल्यानं आकडा भोंग्यात सांगितला. मग आरती झाली, कपाळाला भस्म लागलं, चमचाभर ‘अग्निजल’ घशाखाली गेलं. तोच काटा चेल्यानं चांदीच्या ताटातून मिरवत मंचावर नेला आणि बाबांच्या लाल मखमली गादीवर ठेवला. उद्धवराव पुन्हा चढले.

“ब्याण्णव!”

शेड टाळ्यांनी दणाणली. उद्धवरावांनी पोटावरून हात फिरवला. पोट होतं तिथंच होतं, पण आकडा डोळ्यांसमोर होता. ते रडायलाच लागले.

मागच्या रांगेत सुनयना उभी होती. शेजारी तिची सासू, जयवंताबाई. सगळे टाळ्या पिटत होते म्हणून सुनयनानंही पिटल्या. तिला ना आश्चर्य वाटलं, ना हसू आलं. तिला काही वाटेनासं होऊन दोन वर्षं झाली होती.

सुनयना इचोड्याच्या मराठी शाळेत शिकवायची. नवरा राजकुमार, त्याचं हायवेवर टायरचं दुकान. गडी अंगानं आडवा, हसरा, खाण्याचा शौकीन. एका दुपारी त्याला दरदरून घाम सुटला. “गॅस झाला वाटते,” तो म्हणाला. तिनं ओवा-पाणी दिलं. आदिलाबादला नेईपर्यंत गाडीतच संपला. तेव्हापासून सुनयना रडली नाही. आयाबाया म्हणाल्या, धक्का बसला, रडेल. ती शाळेत जायची, फळ्यावर लिहायची, घरी यायची, स्वयंपाक करायची. पातेल्यात उरलं की खायची. टीव्हीसमोर फरसाणाची पिशवी घेऊन बसायची आणि पिशवी रिकामी झाली की उठायची. चव विचारली असती तर सांगता आली नसती. अंगावर मांस चढत गेलं, गुडघे बोलायला लागले. शाळेजवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मैत्रीनं तिला दोनदा बजावलं होतं, “बाई, वजन कमी करा. खाणं थोडं कमी, चालणं थोडं जास्त.” सुनयनानं मान हलवली होती. करायला काहीतरी वाटावं लागतं, आणि ते वाटणंच तर आटलं होतं.

म्हणून जयवंताबाईनंच तिला ओढत इथं आणलं. “चाल वं सुनयना. माह्या पोरानं तं ऐकलं नाई कोनाचं. तू तरी राह्य मले.”

बाबांनी सुनयनाला बाटली दिली आणि पथ्य सांगितलं. तेलात शनी, म्हणून तळलेलं बंद. साखरेत राहू, म्हणून चहा कोरा. भात वर्ज्य. सकाळी एक भाकर, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत अर्धी. रोज पहाटे अनवाणी टेकडीवरच्या मारुतीपर्यंत जाऊन यायचं. आणि जेवणाआधी एक चमचा अग्निजल.

“पथ्य मोडलं तं?” जयवंताबाईनं विचारलं.

“तर पाणी लागू पडत नाही,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “दोष पाण्याचा नाही, माउली. दोष माणसाचा.”

केवढी सोय! वजन उतरलं तर श्रेय बाटलीचं, नाही उतरलं तर पाप तुमचं.

सुनयनाला मात्र ते पथ्य सोपं गेलं. कोणीतरी सांगावं आणि आपण करावं, विचार करायला लागू नये, यातच तिला बरं वाटलं. ती टेकडी चढायची, अर्धी भाकर खायची, झोपायची. पहिल्याच आठवड्यात वजन भराभर उतरलं, पुढं हळूहळू उतरत राहिलं. पावसाळा सरला, कापूस फुटला, तोवर तिचे ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले. हे वजन खरंच उतरलं होतं. शाळेतल्या जुन्या काट्यावरही तेच दिसत होतं.

बाबांना हवा होता तो पुरावा मिळाला. दर गुरुवारी ते तिला मंचावर बोलवत. तिचा जुना फोटो मोठा करून टांगलेला असे. “पाहा या मास्तरीणबाईला! शिकलेली बाई आहे. अडाणी नव्हे!” सुनयना फोटोशेजारी उभी राही. गर्दीतल्या बाया तिच्या पाया पडत. तिचे हातपाय थंड असत, केसांचा पुंजका फणीत येई, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी येई. तिनं एकदा बाबांना सांगितलं, “मन सुन्न वाटते.”

“वैराग्य!” बाबा भोंग्यातच ओरडले. “वैराग्य आलं हिला!”

पुन्हा टाळ्या.

तिचं पाहून जयवंताबाईनंही बाटली घेतली. म्हातारी मुळात वाळकी काटकी. पण तिला साखरेचा आजार होता, आणि बाबा म्हणाले होते की साखर म्हणजे रक्तावर चढलेलं वजन. गुरुवारी दर्शन होईस्तोवर तोंडात काही घालायचं नाही, असा तिला नेम दिला. सुनयना रोज सकाळी साखरेच्या आजाराची गोळी काढून सासूच्या हातावर ठेवायची, तशी नेमाच्या पहिल्या गुरुवारीही ठेवली. म्हातारीनं गिळली आणि उपाशीपोटीच शेडमध्ये येऊन बसली.

आरती लांबली. ऊन टिनावर तापायला लागलं. सुनयना फोटोशेजारी उभी होती. पुढच्या रांगेत बसलेली सासू आधी हातवारे करून काहीतरी पुटपुटायला लागली. मग मान एकीकडं कलली, डोळे अर्धवट मिटले. शेजारणीनं हाक मारली, ओ नाही.

बाबांनी क्षणभर पाहिलं. मग दोन्ही हात वर केले. “समाधी! माउलीला समाधी लागली! बोला, हलकेबाबा महाराज की...”

“जय!”

लोक उसळले. कोणी जयवंताबाईच्या गळ्यात हार घातला, कोणी कुंकू लावलं, कोणी लेकराचं डोकं तिच्या पायावर टेकवलं. कोणी मोबाइलवर शूटिंग करू लागलं. सुनयना वरून पाहत होती, काचेपलीकडून पाहावं तसं. तिला दिसलं की सासूचं लुगडं पाठीवर ओलं झालंय. कुंकू घामानं ओघळून नाकावर आलंय. बोटं थरथरतायत.

घाम. असाच सुटला होता त्याला.

तिच्या आत अजूनही काही हललं नाही. भीती नाही, हुंदका नाही. पण हातानं आपणहून पर्समधला मोबाइल काढला आणि डॉक्टर मैत्रीचा नंबर लावला.

“मॅडम, सासूबाई बोलत नाहीत. घाम येऊन राह्यला. इथं म्हणतात समाधी लागली.”

“सकाळची गोळी घेतली?”

“हो.”

“खाल्लं काय?”

“काही नाही. नेम होता.”

“साखर उतरली त्यांची!” मैत्रीचा आवाज चढला. “एका कुशीवर निजवा. साखर ओली करून गालात, हिरड्यांवर चोळा. घशात पाणी ओतू नका, ठसका लागेल. मी निघाले.”

सुनयना मंचावरून उतरली. साखर कुठून आणायची? बाबांच्या दरबारात साखरेला बंदी! ती गर्दीतून वाट काढत धाब्यावर धावली, चंदनशेठच्या चहाच्या कट्ट्यावरून मूठभर साखर उचलली, पाण्यानं ओली केली आणि परत आली. चेला आडवा झाला.

“समाधी मोडू नको, बाई!” बाबा गरजले. “सात पिढ्यांना पाप लागेल!”

“लागू द्या,” सुनयना म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की चेला नकळत बाजूला झाला.

तिनं सासूला कुशीवर वळवलं आणि ओली साखर गालात चोळत राहिली. तेवढ्यात मैत्री दवाखान्याच्या गाडीतून आली. बोटाला सुई टोचली, यंत्रात थेंब घेतला, आकडा पाहून ओठ चावला. मग शिरेतून ग्लुकोज द्यायला घेतलं. थोड्याच वेळात जयवंताबाईनं डोळे उघडले, गळ्यातल्या हाराकडं पाहिलं, आणि बायांकडं पाहिलं.

“काऊन वं, मी मेली का काय? हार काऊन घातला मले?”

कोणीतरी फिसकन हसलं. म्हातारीनं सुनयनाचा पदर धरला. “मले चहा दे बाप्पा. साखर घालून.”

मैत्री उठली. तिचे वडील याच भागात शेतमजुरी करत, पुढं शिकून शाळामास्तर झाले. इचोड्यातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळं ती बोलायला लागली तेव्हा लोकांनी ऐकलं.

“ही समाधी नव्हती. गोळी रक्तातली साखर कमी करते आणि जेवण ती भरून काढतं. यांनी गोळी घेतली, जेवण घेतलं नाही. मेंदूला खुराक मिळेना, म्हणून शुद्ध हरपत चालली होती. आणखी उशीर झाला असता तर हा हार खरंच कामी आला असता.”

लोक खाली पाहू लागले. पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

“डॉक्टर, म्हातारीची श्रद्धा कमी पडली. पण वजन? इथं सगळ्यांसमोर चार किलो उतरतं, ते? हे कारकूनसाहेब साक्षी आहेत!”

उद्धवराव उभे राहिले. “हो. मी सोता पाह्यलं.”

मैत्रीनं शेडभर नजर फिरवली. दारात काटा होता, मंचावर गादी होती. कोपऱ्यात लोकांसाठी ठेवलेला पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार होता. “उद्धवराव, तो जार जरा उचला. ठेवा काट्यावर, इथं फरशीवर.”

काट्यानं वीसच्या वर दाखवले.

“आता काटा त्या गादीवर ठेवा. आणि जार काट्यावर.”

चेला पुढं झाला, तेव्हा दोन ट्रक ड्रायव्हर त्याच्या पुढं झाले. जार गादीवरच्या काट्यावर चढला.

“सतरा!” ड्रायव्हर ओरडला.

“बोला बाबा,” मैत्री म्हणाली, “या जारनं कोणतं पथ्य पाळलं?”

आधी एक जण हसला, मग सगळी शेड. मैत्रीनं काटा उलटा करून दाखवला. “याला चार पाय आहेत. भार या पायांतून मोजला जातो. फरशीवर सगळा भार पायांवर येतो. मऊ गादीवर काटा रुतला की त्याचं पोट गादीला टेकतं, थोडा भार गादीच उचलते. पायांना कळतच नाही, मग आकडा कमी येतो. उद्धवराव, तुमचे चार किलो गादीनं उचलले.”

उद्धवराव मटकन खाली बसले.

“यंत्रात मंत्र बसत नाही!” बाबा किंचाळले. “आणि ही? ही मास्तरीण? हिचंही गादीनं उचललं काय? सांगा ना!”

हा सवाल मात्र खरा होता. हसू थांबलं. सगळ्या माना सुनयनाकडं वळल्या. तो टांगलेला फोटो, आणि सासूजवळ बसलेली ही अर्धी झालेली बाई.

मैत्री सुनयनाच्या शेजारी जमिनीवर बसली. “बाई, आधी दिवसाला काय खात होता?”

सुनयनानं आठवायचा प्रयत्न केला. “चार-पाच पोळ्या. भात. उरलेलं सगळं. संध्याकाळी फरसाण. गोड चहा चार-पाच वेळा.”

“आणि आता?”

“दीड भाकर. भाजी. कोरा चहा.”

“चालणं?”

“आधी काहीच नाही. आता रोज टेकडी.”

सुनयना थांबली. फळ्यावर गणित लिहिता लिहिता चूक सापडावी तशी थांबली. दर वर्षी ती पोरांना ‘अन्न आणि ऊर्जा’ शिकवत होती.

“पाण्यानं काही झालं नाही,” ती म्हणाली. पुन्हा मोठ्यानं म्हणाली, “पाण्यानं नाही उतरलं. मी खाल्लं नाही, म्हणून उतरलं.”

“बस, एवढंच,” मैत्री लोकांना म्हणाली. “आपलं शरीर झोपेतसुद्धा खर्च करतं. काळीज धडधडतं, श्वास चालतो, अंग गरम राहतं. या खर्चाचं आणि खाण्यातून येणाऱ्या ऊर्जेचं माप म्हणजे कॅलरी. शेतातून ज्वारी कमी आली की तुम्ही काय करता? कणगीतली काढता. अंगावरची चरबी म्हणजे शरीराची कणगी. खर्चापेक्षा कमी खाल्लं की शरीर कणगीत हात घालतं. जास्त खाल्लं की कणगी भरतं. पथ्यात जे जे बंद केलं, तळण, साखर, रात्रीचं खाणं, त्यात ऊर्जा ठासून भरलेली. वजन पथ्यानं उतरलं. बाटली नुसती सोबत होती.”

“पण बाबांनी सांगितलं म्हणून तं पथ्य केलं ना बाईनं?” एका बाईनं विचारलं.

“खरं आहे. पण किती तोडायचं हे बाबांना माहीत नव्हतं.” मैत्रीनं सुनयनाचा हात हातात घेतला, गार पडलेला. “थोडी तूट ठेवली की शरीर चरबी वापरतं आणि माणूस धडधाकट राहतो. फार मोठी तूट केली की शरीर खर्चच बंद करायला लागतं. हातपाय थंड पडतात, केस गळतात, डोकं बधिर होतं. याला वैराग्य म्हणत नाहीत, बाई. याला उपासमार म्हणतात.”

सुनयनानं तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला.

चंदनशेठ इतका वेळ मागं उभे होते. पोट सुटलेला, मनमोकळा माणूस. शेडचं भाडं त्यांना मिळत होतं, पण म्हातारीची अवस्था पाहून त्यांचाही चेहरा उतरला होता. “डॉक्टरसाब, एक काम करते हैं. मी रोज बाबाची बाटली पिऊन पाहतो. पराठा, लस्सी, सगळं चालू. पथ्य नाही. आणि बाई पथ्य पाळतील, पण बाटली नाही. आज मोजू, महिन्यानं पुन्हा मोजू. फरशीवर!”

बाबांनी नकार द्यायला तोंड उघडलं, पण लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या होत्या.

महिनाभर सुनयना बाटलीला शिवली नाही. मैत्रीनं तिला जेवण वाढवून दिलं : दोन वेळा पोटभर, वरण, उसळ, अंडं, हिरवी भाजी, थोडा भातही. तरी पूर्वीपेक्षा कमीच. टेकडी चालू, चपला घालून. जयवंताबाई समोर बसून वाढायची आणि स्वतः गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. चंदनशेठ धाब्यावर सगळ्यांदेखत अग्निजल पीत होते. चमच्यानं नाही, ग्लासानं. वर तुपाचा पराठा.

महिन्यानं काटा फरशीवर आला. सुनयनाचं वजन सव्वा किलोनं उतरलं होतं. चंदनशेठचं दोन किलोनं चढलं होतं.

“बाबा का पानी बहुत ताकदवाला है,” ते म्हणाले. “मेरा कर्म और बढ़ गया!”

हे ऐकायला बाबा नव्हतेच. पडदे, भोंगा, गादी, सगळं आठवडाभर आधीच टेम्पोत भरून गेलं होतं. कोणत्या दिशेला, कोणी पाहिलं नाही. सगळे लोक शहाणे झाले असंही नाही. काही बाया अजून म्हणत होत्या, बाबा खरे होते, डॉक्टरिणीनं नजर लावली. उद्धवराव तर महिनाभर त्या शेडकडं फिरकले नाहीत. पुढं एक दिवस ते दवाखान्यात मैत्रीसमोर बसलेले दिसले. सोबत कोणी नव्हतं, मान खाली होती.

मैत्रीनं सुनयनाला दवाखान्याच्या ओसरीवर बायांशी बोलायला बोलावलं. वीसेक बाया आल्या. मराठी, तेलुगू, दोन-तीन बुरखेवाल्या. सुनयना उभी राहिली. शाळेत बोलते तसंच बोलायचं होतं तिला, पण पहिलंच वाक्य भलतं निघालं.

“माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. थोडं कमी खा, थोडं चाला. आमी हसलो. म्हटलं, एवढं सोपं असते काय? काही औषध असन तं द्या.” ती थांबली. “मी पन हसली होती.”

आणि दोन वर्षांहून जास्त काळ बंद असलेलं दार फुटावं तशी ती त्या ओसरीवर, अनोळखी बायांसमोर, ढसाढसा रडली. जयवंताबाई उठली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाया बसून राहिल्या. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी पाया पडलं नाही.

बऱ्याच वेळानं एका तरुण बाईनं चाचरत विचारलं, “मंग बाई, आमी करावं तरी काय?”

सुनयनानं पदरानं तोंड पुसलं. आता ती शिक्षिकेसारखी बोलली.

“उपास करून मरू नका. रोजच्या खाण्यातून थोडं कमी करा. आधी तळलेलं, गोड, आणि उगाच तोंडात टाकलेलं. थोडं जास्त चाला. साखर असो की बीपी, आधी डॉक्टरला विचारा, मंगच जेवणात बदल करा. हळूहळू उतरते. महिन्याला किलो, दोन किलो. कोनी म्हटलं का आजच्या आज चार किलो उतरवतो, तं त्याले एकच म्हना : काटा फरशीवर ठेव.”

“बस, इतकंच?”

“इतकंच. यात चमत्कार नाई, म्हनून हे कोनी बाटलीत भरून विकत नाई. विकत मिळत नाई म्हनून ते खोटं होत नाई. जे सांगतात ते तपासून पाहा. माझंही तपासा.”

त्या तरुण बाईनं मान डोलावली आणि चप्पल घालायला उठली. तिला पाहून आणखी दोघी उठल्या. तिघी बोलत बोलत, हायवेच्या कडेनं, पायीच घराकडं निघाल्या.